पाणी शहापूरचे, गादी मुंबईची : पण निवेदनात मागायचे काय?



गेल्या पावसाळ्यात मुरबाडच्या डोंगरपट्टीतल्या एका वाडीवर आम्ही चौघे सांत्वनाला गेलो होतो. घर नात्यातले. सुनेचे पहिले बाळंतपण. कळा मध्यरात्री सुरू झाल्या, गाडी मिळेपर्यंत पहाट झाली. पहिल्या दवाखान्याने दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. बाळ जन्मले ते निळसर, रडलेच नाही. तिसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी सांगितले की बाळाच्या मेंदूला ऑक्सिजन कमी पडला आहे, अशा बाळाला पाण्याच्या गादीवर गार ठेवायचे मशीन असते, ते इथे नाही, मुंबईला न्या. मुंबई गाठली तेव्हा दुपार उलटून गेली होती. चौथ्या दिवशी बाळ गेले.

आम्ही निघालो तशी ती उठून दारापर्यंत आली. म्हणाली, "दादा, ती पाण्याची गादी इथंच असती, तर वाचलं असतं का हो माझं बाळ?"

आम्हा चौघांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही. मोर्चात घसा फोडून बोलणारी माणसे आम्ही, पण तिथे मान खाली घालून उभे राहिलो.

आठवड्याच्या आत आमच्या तरुण पोरांनी निवेदन तयार केले. मथळा झकास होता : "पाणी शहापूरचे, गादी मुंबईची! मुरबाड-शहापूरला कूलिंग मशीन मिळालेच पाहिजे!" या मथळ्यात खोटे काही नाही. तानसा धरण १८९२ सालचे. तेव्हापासून शहापूरचे पाणी मुंबईला जाते आहे. पुढे भातसा झाले, वैतरणेवर धरणांमागून धरणे झाली. मुंबईच्या नळाला आज येणाऱ्या पाण्यातला फार मोठा वाटा या डोंगरांतला आहे, आणि उन्हाळा लागला की धरणांच्या कुशीतल्या पाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहत बसतात. मुरबाडच्या बारवी धरणाचे पाणीही खाली कारखान्यांना आणि शहरांना जाते. चवदार तळ्याचे पाणी ज्यांच्या आजोबा-पणजोबांना हक्काने प्यावे लागले, त्यांच्या नातवंडांना हा मथळा सुचावा यात नवल नाही.

तरीही आम्ही त्या निवेदनावर लगेच सही केली नाही. पोरे रागावली. एकाने तर तोंडावर सांगितले, "तुम्ही आता थंड पडलात." त्याचा राग आम्ही मान्य करतो. पण बाईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधल्याशिवाय तिच्या बाळाच्या नावावर मागणी करणे आम्हाला पटेना. म्हणून आम्ही वाचायला बसलो, ओळखीच्या डॉक्टरांना, नर्सताईंना विचारले. जे हाती लागले ते इथे मांडतो आहोत.

आधी हे यंत्र आहे तरी काय? नाव भारदस्त, तत्त्व साधे. चाकांवरच्या एका पेटीत पाण्याची टाकी असते. पाणी तापवायला हीटर, गार करायला फ्रिजमध्ये असतो तसा कॉम्प्रेसर. पंप ते पाणी नळ्यांतून गादीत सोडतो. गादी म्हणजे प्लास्टिकचे दोन थर, आणि त्यांच्या मधून पाणी फिरण्यासाठी केलेल्या वाटा. पाणी गादीभर फिरते आणि परत टाकीत येते. रुग्णाच्या अंगाला पाण्याचा थेंबही लागत नाही, लागते ती गादीची ऊब किंवा गारवा. मोठ्या माणसांसाठी वापरतात त्या यंत्रात हे पाणी ४ अंश सेल्सिअसपासून ४२ अंशांपर्यंत कुठेही ठेवता येते. म्हणजे हे नुसते गार करणारे मशीन नव्हे. शस्त्रक्रियेत गारठलेल्या रुग्णाला तेच ऊब देते.

पाणीच का, पंखा का नाही? तर पाणी हवेपेक्षा वीसपटीहून अधिक चांगल्या रीतीने उष्णता वाहून नेते. २५ अंशांच्या हवेत आपण ओट्यावर आरामात गप्पा मारतो. त्याच २५ अंशांच्या विहिरीत पोर तासभर डुंबले की ओठ निळे करून वर येते. एवढेच शास्त्र.

यंत्राची खरी हुशारी मात्र पाण्यात नाही, एका तारेत आहे. तिला प्रोब म्हणतात. ही बारीक तार रुग्णाच्या गुदद्वारातून किंवा अन्ननलिकेत सोडतात. शरीराच्या आतले तापमान ती क्षणोक्षणी यंत्राला कळवते. डॉक्टर आकडा ठरवून देतात, समजा ३३.५. यंत्र आतला आकडा आणि ठरवलेला आकडा ताडून पाहते, आणि त्याप्रमाणे गार किंवा कोमट पाणी सोडते. शरीर मात्र सहज ऐकत नाही. मेंदूत तापमान राखणारे केंद्र असते. अंग गार पडते आहे असे त्याला वाटले की ते हुडहुडी भरवते, कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळते, आणि आतली उष्णता वाढवते. म्हणजे बाहेरून गादी गार करते आहे आणि आतून शरीर शेकोटी पेटवते आहे. म्हणून मोठ्या माणसाला हुडहुडी थांबवणारी औषधेही द्यावी लागतात.

आणि तो प्रोब निसटून बाहेर पडला तर? यंत्र खोलीतल्या हवेचा आकडा वाचते, रुग्ण गारठला असे समजते, आणि गरम पाणी सोडत राहते. रुग्ण आधीच तापलेला असेल तर अधिक तापतो. यंत्राची यात चूक नाही, त्याला मिळालेली बातमीच चुकीची. (आमच्या तालुक्यांबद्दल मंत्रालयाला मिळणाऱ्या बातम्या असल्याच असाव्यात, असे एक नर्सताई हसत म्हणाल्या. आम्ही हसलो नाही.) म्हणून या गादीपाशी डोळ्यांत तेल घालून बसणारे माणूस लागते. प्रोब जागेवर आहे का, गादीच्या दाबाने आणि गारव्याने कातडी काळवंडते आहे का, लघवी होते आहे का, हे पुन्हा पुन्हा बघावे लागते. टाकीत ऊर्ध्वपातित किंवा निर्जंतुक पाणी घालावे लागते, ते वेळेवर बदलावे लागते. हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी रक्ताचे तापमान राखायला याच जातीचे एक यंत्र वापरतात. युरोपात त्याच्या टाक्यांत क्षयरोगाच्या जंतूंच्या गोतावळ्यातला एक जंतू वाढला, यंत्राच्या पंख्याने हवेत उडाला आणि उघड्या हृदयापर्यंत पोहोचला. माणसे दगावली. त्या श्रीमंत देशांत हे घडले. आपल्याकडे तर वीज कधी जाईल आणि इंजिनिअर कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही.

उष्माघाताचेही इथेच सांगून टाकतो, कारण निवेदनात पोरांनी तोही मुद्दा घातला होता. मुरबाडचा उन्हाळा चाळिशीपार जातो हे आम्हाला कुणी सांगायला नको. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उन्हात बसवलेल्या माणसांपैकी १४ जण गेले. पण उष्माघाताच्या रुग्णाला पाण्याच्या गादीची वाट बघत ठेवणे म्हणजे वेळ घालवणे. त्याला बर्फाच्या पाण्यात बुडवणे सर्वांत जलद. ते जमले नाही तर अंगभर पाणी ओतून जोराचा पंखा लावणे. टब, बर्फ, पाणी आणि पंखा. लाखांचे मशीन तिथे दुय्यम आहे.

आता बाळाकडे येऊ. जन्माच्या वेळी ऑक्सिजन तुटला तर मेंदूच्या काही पेशी तेव्हाच मरतात आणि बऱ्याच काही तासांनी, दुसऱ्या लाटेत मरतात. मधल्या काळात बाळाला गार केले तर मेंदूचा कारभार मंदावतो आणि दुसरी लाट ओसरते, असा हा विचार आहे. त्यासाठी जन्मानंतर सहा तासांच्या आत सुरुवात करायची, आतले तापमान ३३ ते ३४ अंशांवर आणायचे, ७२ तास तिथेच ठेवायचे, मग तासाला अर्ध्या अंशापेक्षा जास्त नाही अशा बेताने ऊब द्यायची. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २०८ बाळे होती. गार न केलेल्या बाळांपैकी ६२ टक्के बाळे मरण पावली किंवा मध्यम-तीव्र अपंगत्व घेऊन जगली, गादीवर गार केलेल्यांत हे प्रमाण ४४ टक्के होते. फरक मोठा आहे. नंतर ब्रिटनमधूनही अनुकूल निष्कर्ष आले आणि श्रीमंत देशांत हा उपचार रूढ झाला.

मग भारतात आला. मोठ्या खासगी रुग्णालयांत मशीनसह, जिथे मशीन परवडले नाही तिथे जेलच्या थंड पिशव्या घेऊन. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने तर वितळताना उष्णता शोषून घेणाऱ्या पदार्थाची स्वस्त गादी तयार करण्यात पुढाकार घेतला. हेतू चांगले होते. प्रश्न एकच शिल्लक होता : अमेरिकेतल्या बाळाला जे लागू पडले ते आमच्या बाळाला लागू पडते का?

तो प्रश्न विचारणारी चाचणी म्हणजे 'हेलिक्स'. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे डॉ. सुधीन थय्यिल यांच्या नेतृत्वाखाली भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात मोठ्या नवजात अतिदक्षता कक्षांत ती झाली. त्यात मुंबईचे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयही होते, जिथे आपल्या भागातली कितीतरी माणसे पोहोचतात. २०१५ ते २०१९ या काळात ४०८ बाळे घेतली. २०२ बाळांना आपोआप तापमान राखणाऱ्या गादीवर ७२ तास ३३.५ अंशांवर ठेवले, २०६ बाळांना नेहमीची अतिदक्षता दिली. २०२१ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' मध्ये निष्कर्ष छापून आले. मृत्यू किंवा अपंगत्व या एकत्रित हिशेबात काहीच फायदा नव्हता. आणि नुसते मृत्यू मोजले तर? गार न केलेल्या बाळांत ६३ गेली, म्हणजे ३१ टक्के. गार केलेल्या बाळांत ८४ गेली, म्हणजे ४२ टक्के.

हे वाक्य आम्ही तीनदा वाचले. ज्या गादीसाठी आम्ही तहसील कार्यालयासमोर बसणार होतो, त्या गादीवर जास्त बाळे गेली होती.

असे का झाले याबद्दल डॉक्टरांत अजून वाद आहे. काही नवजाततज्ज्ञ म्हणतात, उत्तम अतिदक्षता कक्षात, नीट निवडलेल्या बाळांत हा उपचार अजूनही उपयोगी ठरू शकतो. काही म्हणतात, भारतात तो बंद करा. जी कारणे सुचवली जातात ती मात्र वाचण्यासारखी आहेत. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या मेंदूला इजा जन्माच्या क्षणी होत नाही, आधीपासून होत आलेली असते. आई रक्तक्षयी, बाळ पोटातच खुरटलेले, कळांचे तास लांबलेले, कदाचित जंतुसंसर्गही. गार करण्याची सहा तासांची खिडकी त्यांच्यासाठी जन्माआधीच बंद झालेली असते. वर गारव्याने रक्त नीट गोठत नाही, पोटात रक्तस्राव होतो, रक्तदाब घसरतो, आणि मुळात अशक्त बाळ ते झेलू शकत नाही.

म्हणजे गादीवर चढण्याआधी बाळाच्या अंगावर काय काय चढलेले होते, ते बघा. आईच्या हिमोग्लोबिनची गोळी, तिच्या ताटातली डाळ, उपकेंद्राचा बंद दरवाजा, न आलेली गाडी. हे सगळे ज्या घरांत घडते ती घरे कोणत्या जातीजमातींची आहेत हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही. कातकरी पाड्यावर आणि बौद्धवाड्यात जाऊन बघा.

इथे आमच्यातलाच एक मित्र उसळला. म्हणाला, "म्हणजे गोऱ्यांच्या विद्यापीठाने आपल्या गरिबांच्या पोरांवर प्रयोग केला आणि पोरे मारली!" हा आरोप ऐकायला जोरदार आहे, पण आम्ही त्याच्याशी सहमत नाही. गरिबांवरील चाचण्यांत संमती कशी घेतली, आईला कळेल अशा भाषेत घेतली का, हे विचारलेच पाहिजे, कायम विचारले पाहिजे. पण चाचणी झाली नसती तर काय झाले असते? गाद्या तर खरेदी होतच होत्या. बाळे गार केली जातच होती, आणि त्यातली कुठली गारव्याने गेली ते कधीच कुणाला कळले नसते. अमेरिकेत सिद्ध झाले म्हणून मुरबाडला खरे, हे मानणे म्हणजे पोथीत लिहिले म्हणून खरे मानण्यासारखेच. तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर, अधिकारी माणसाच्या शब्दावर विसंबू नका असे सांगितले, तो सल्ला इंग्रजीत छापलेल्या पोथ्यांनाही लागू आहे. आमच्या शरीरांचा पुरावा स्वतंत्रपणे गोळा व्हावा, तो मोजला जावा, त्याचे वजन अमेरिकन बाळाइतकेच धरले जावे, ही आम्हाला समतेचीच मागणी वाटते.

आता दुसरी बाजू. हे निष्कर्ष वाचून काही शहाणे लोक लगेच म्हणतील, "बघा, गरिबांना मशीन नकोच. आईची ऊब पुरे. आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते." या शहाण्यांपासून आम्ही विशेष सावध आहोत. आमच्या वाट्याला नेहमी साधेपणाचा उपदेश येतो आणि त्यांच्या वाट्याला अतिदक्षता कक्ष.

आईची ऊब खरोखर मोठी आहे, त्यात शंका नाही. नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांत असावे लागते. कमी वजनाच्या बाळाजवळ चरबी नसते, त्याला हुडहुडीही भरत नाही. ओल्या अंगाने ते काही मिनिटांत गारठते. म्हणून प्रसूतीची खोली किमान २५ अंशांवर असावी, बाळ लगेच कोरडे करावे, आईच्या उघड्या छातीवर ठेवावे, अंघोळ पहिल्या दिवशी घालू नये. आपल्याकडे बाजेखाली शेगडी ठेवून शेकण्याची रीत आहे, पण तिला प्रोब नाही. धुराने बाळ गुदमरते, कधी भाजते. तिच्यापेक्षा छातीची ऊब सरस. कांगारू पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटाच्या रुग्णालयात सुरू झाली, तीही इन्क्युबेटर कमी पडत होते म्हणून. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेली पाच देशांतली चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात भारतही होता. एक हजार ते अठराशे ग्रॅम वजनाची ३,२११ बाळे. जन्मल्याबरोबर आईच्या छातीवर ठेवलेल्यांत महिन्याभरात १२ टक्के गेली. आधी मशीनमध्ये ठेवून, तब्येत स्थिरावल्यावर आईकडे दिलेल्यांत १५.७ टक्के.

आईची छाती म्हणजे तरी काय? ऊब कमी पडली की ती बाळाला आपली देते, बाळ तापले की त्याची उष्णता आपल्या अंगात घेते. पाण्याच्या गादीचेच काम. वीज लागत नाही, डिस्टिल्ड वॉटर लागत नाही.

पण फुकट आहे का ती? हाच आमचा मुद्दा आहे, आणि तो नीट वाचावा अशी विनंती आहे. त्या चाचणीत आईला अतिदक्षता कक्षात बाळाशेजारी खाट दिली होती. तिचे स्वतःचे उपचार तिथेच होत होते. बाळ दिवसातले बहुतेक तास तिच्या अंगावर होते, आणि ती नसेल तेव्हा दुसरे माणूस होते. आता ही आई आमच्या तालुक्यात आणा. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. उचल घेतलेली असते. बाळंतपण भट्टीवरच्या झोपडीत होते, आणि थोड्याच दिवसांत डोक्यावर विटा येतात. तिला आम्ही सांगायचे, बाई, दिवसातले वीस तास बाळ छातीला बांधून आडवी पड? कुणाच्या जिवावर? तिची मजुरी कोण देणार? तिच्या थोरल्या पोरांना कोण जेवू घालणार? तिच्या छातीवर ऊब यायला आधी तिच्या पोटात काही जायला हवे.

बाबासाहेबांनी हे १९२८ साली ओळखले होते. मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना त्यांनी मांडले की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्याच्या खर्चाचा मोठा भार सरकारनेच उचलला पाहिजे. पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. हे बोलणारा माणूस केवळ कायदेपंडित नव्हता. दोनच वर्षांपूर्वी, जुलै १९२६ मध्ये, त्यांचा राजरत्न गेला होता. रमाईच्या पाच लेकरांपैकी एकटे यशवंतराव जगले. आणि त्यांच्या मातोश्री भीमाबाई तर आमच्याच मातीतल्या, मुरबाड तालुक्यातल्या आंबेटेंभ्याच्या मुरबाडकरांची लेक. भीमराव हे तिचे चौदावे अपत्य. आधीची कितीतरी लहानपणीच गेली, आणि भीमराव पाच-सहा वर्षांचे असताना तीही गेली. आंबेटेंभ्याला अभिवादन करायला आपण जातो, हार घालतो. भीमाबाईच्या तालुक्यात आज बाळंतीण कुठल्या गाडीने जाते याची चौकशी हे त्या हाराइतकेच अभिवादन आहे असे आम्ही समजतो.

तर मग मशीन मागायचेच नाही का? मागायचे, पण कुठे आणि कशाच्या नंतर, हे ठरवून. न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटात लागते ती रबरी पिशवी आणि तोंडावरचा मास्क. दर दहा बाळांपैकी साधारण एकाला श्वास सुरू करायला काही ना काही मदत लागते, आणि बहुतेकांना कोरडे करणे, पाठ चोळणे, पिशवीने हवा देणे एवढ्यावर भागते. पिशवीची किंमत काही हजारांत, गादीच्या मशीनची लाखांत. पण पिशवी भिंतीवर टांगलेली असून चालत नाही. ती पहाटे तीन वाजता दाबता येणारे, दर काही महिन्यांनी सराव केलेले दोन हात लागतात. त्याआधी कळांच्या वेळी बाळाचे ठोके ऐकणारे कान लागतात. ठोके घसरले तर सिझेरियन करणारा डॉक्टर, भूल देणारा डॉक्टर आणि रक्त, हे सगळे एका छताखाली लागते. बाळंतिणीची आणि आजारी नवजाताची ने-आण, औषधे, उपचार मोफत करणारा जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ पासून आहे. कागद आहे. गाडीचा आवाज वाडीवर ऐकू येत नाही.

आणि हा कुणाच्या दयेचा विषय नाही. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या हकीम शेख नावाच्या शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले. शेवटी खासगी रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सरकारी रुग्णालयाने वेळेवर तातडीचा उपचार न देणे हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैशाची अडचण ही सबब चालणार नाही. एका दवाखान्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात हा जो प्रवास आमच्या सुनेने केला, त्याचे नाव न्यायालयाने तेव्हाच लिहून ठेवले आहे.

म्हणून आम्ही निवेदन पुन्हा लिहायला घेतले आहे. त्यात मशीन शेवटच्या पानावर गेले. पहिल्या पानावर प्रत्येक प्रसूतीकेंद्रात रात्रपाळीला प्रशिक्षित नर्स, चालू स्थितीतली पिशवी-मास्क, गरम खोली. मग तालुक्यातच सिझेरियनची चोवीस तास सोय. मग आजारी बाळाशेजारी आईला खाट, जेवण, आणि असंघटित मजूर बाईला बुडालेल्या मजुरीची भरपाई. आणि बाळाला खाली पाठवायचेच झाले तर कांगारूसारखे आईच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या छातीला बांधून, पुढच्या रुग्णालयात खाट आहे हे फोनवर पक्के करून पाठवावे. मथळा मात्र पोरांचाच ठेवला आहे, अर्धा. "पाणी शहापूरचे" एवढा.

तो आमच्यावर रागावलेला पोरगा अजून सही करत नाही. त्याचे म्हणणे, "मशीन आले तर दिसते तरी. नर्स आली की नाही, ते कोण बघणार?" त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. मशीनची फीत कापता येते, फोटो छापून येतो. रात्री तीन वाजता जागी असलेली नर्स फोटोत येत नाही. आम्ही त्याला म्हटले, मग ते बघायचे काम तू घे. तो विचार करतो आहे.

सुनेला आम्ही जाऊन सांगितले. गादी असती तर वाचले असते असे कुणी खात्रीने सांगू शकत नाही, कदाचित नसतेही वाचले. गाडी वेळेवर आली असती, ठोके कुणी ऐकले असते, तर बहुधा गादीची वेळच आली नसती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजे मी उशीर केला नाही ना?" इतके दिवस ती हेच मनात घेऊन बसली होती, आणि आम्ही मशीनचे बोलत होतो. नाही ताई, आम्ही म्हटले, तू उशीर केला नाहीस.

येत्या रविवारी विहारात मसुद्यावर बसणार आहोत. तीही येणार आहे. येताना प्रत्येकाने आपापल्या गावच्या उपकेंद्रावर एक रात्री जाऊन यावे. दिवा लागलेला होता का, दार कुणी उघडले, आणि पिशवी-मास्क कुठे ठेवला आहे हे त्यांना सांगता आले का, एवढे तारखेसह वहीत लिहून आणावे.